तिच्या रंगाचं कारण

कळंबच्या नाक्यावर ती काळी छत्री उघडून भाजी विकायला बसायची. केस, पापण्या, कातडी सगळं पांढरं. उन्हाने भाजू नये म्हणून साडीवर पुरुषी शर्ट घालायची आणि तोंडली अगदी डोळ्यांजवळ धरून निवडायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते हे कळल्यावर एकदा तिने विचारलं, "बाई, मी अशी का वो?"

मी सांगितलं, "आपल्या शरीरात टायरोसिन नावाचा एक घटक असतो. त्यापासून कातडीचा, केसांचा रंग तयार होतो. तुमच्या शरीराला ते काम जन्मापासून जमत नाही. यात कुणाची चूक नाही."

तिने हातातली तोंडली खाली ठेवली. "आयनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून मी अशी झाले, असं लोकं बोलतात. लई सोसलंय तिनं. तुमी सांगाल तिला? माझं आयकत नाय ती."

रविवारी मी तिच्या घरी गेले. म्हातारी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हंजे माझ्या हातून नाय झालं?"

"नाही आजी. ग्रहणाचा काही संबंध नाही."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि लेकीला जवळ बसवलं. "हिला मी कदी डोळं भरून बगितलं नाय," ती हळूच म्हणाली. "बगितलं की माझीच चूक दिसायची."

मग तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिली. मी निरोप न घेताच निघाले.