मला हर्निया कधीच नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण आता मला एका जागी बसवत नाही. उठते, गॅस बंद आहे का बघते, परत बसते.

कुठून सुरू करू? वजनापासून करते, ते सोपं आहे. अडीच वर्षांत मी एकावन्न किलो उतरवले. लालबागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कौतुक झालं! हळदीकुंकवाला बायका मला उभं करून गोल फिरवायच्या. पण ते कौतुक साडीचं होतं. आत काय होतं ते माझं मला माहीत. चरबी गेली, कातडी तिथेच राहिली. बसले की पोटाची घडी मांडीवर यायची. घडीखाली घाम, घामाने चट्टे, चट्ट्यांवर पावडर. दंडाची लोंबती कातडी मी ब्लाउजच्या बाहीत कोंबायचे. जाडी होते तेव्हा आरशासमोर बिनधास्त उभी राहायचे – बारीक झाल्यावर तेवढंही उरलं नाही. हसाल तुम्ही. हसा.

दादरच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पोटाची जादा कातडी काढता येईल, दंडाचं नंतर बघू. वजन काही महिने स्थिर हवं, हिमोग्लोबिन वाढवायला हवं, आणि ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे वाकून चालावं लागेल. जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होते. घर जवळ आलं तशी गुणगुण थांबली. सांगायचं काय? चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलगी कॉलेजात, आणि ही पोट सपाट करून घेणार? मग म्हटलं – हर्निया आहे. त्याच्याबरोबर थोडी कातडीही काढतील. हर्नियाला कुणी हसत नाही.

एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता?

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. मी त्यांना आईच म्हणते. हर्निया शब्द ऐकला आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांची धाकटी बहीण हर्नियाच्याच ऑपरेशनात गेली होती. मला ठाऊक नव्हतं – पण त्या क्षणी कळलं ना? तेव्हा बोलता आलं असतं. मी पाणी आणून दिलं. संध्याकाळी त्यांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, नवस बोलल्या आणि पायातल्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या. "तुजा आपरेशन नीट होवंदे, मगे घालतंय."

आईंना वीस वर्षांची शुगर आहे. पायाला काही लागलं तर त्यांना कळत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत. मी म्हटलं, "आई, शुगर आहे तुम्हाला, अनवाणी कशा फिरणार?" "देव बघता. माका काय होवचा नाय," म्हणाल्या. मी विषय सोडला. समजावलं होतं ना मी? असं स्वतःला सांगितलं.

मग तारीख लांबली. पहिल्यांदा हिमोग्लोबिन कमी म्हणून. ती माझी चूक नव्हे. पण मार्चमधली तारीख – ती मी लांबवली. डॉक्टर म्हणाले होते, अजून तीन-चार किलो गेले तर पोट जास्त चांगलं दिसेल. जास्त चांगलं. त्यासाठी मी जून मागून घेतला. एप्रिल आणि मे दोन्ही महिने आई काळाचौकीच्या देवळात रोज अनवाणी जात होत्या, तापलेल्या रस्त्यावरून परत येत होत्या, आणि मी त्यांच्या टाचा बघत होते. बघून काय केलं? मोजे आणून दिले. एका वाक्याचं काम होतं, आणि मी बाजारात जाऊन मोजे आणले! नवसात ते बसत नाहीत म्हणून त्यांनी घातले नाहीत.

मे महिन्यात एका सकाळी लादीवर ओले लालसर डाग दिसले. दारापासून मोरीपर्यंत. फोड फुटला होता, त्यांना पत्ताच नव्हता. पुढचं झपाट्याने झालं. पाय सुजला, ताप आला, उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य मला, "माज्यासाठी तुजा आपरेशन फुडे ढकलू नको गो."

तिथे, त्या खाटेपाशी, मी का बोलले नाही? नवरा बाहेर होता. नर्सही नव्हती. दोघीच होतो आम्ही.

आता माझं ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. आईंना डॉक्टरांनी मऊ तळव्यांच्या चपला दिल्यात, त्या घालत नाहीत. नवस फिटायचाय. म्हणजे मी त्यांच्यासाठीच घाई करतेय, असंही म्हणता येईल. नाही. मला ते पोट नकोय म्हणून मी मंगळवारी जातेय. त्यांना आज, आत्ता मोकळं करता येतं. त्या आतल्या खोलीतच आहेत, जाग्या आहेत.

त्यांच्या पायाची पट्टी रोज मीच बदलते. काल शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आजकाल लेकी करत नाहीत एवढं." आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून तो ठेवू दिला.