तोडकर सरांचा 'घरगडी' वर्ग

तोडकर सरांची आणि माझी पहिली भेट मोबाइलच्या पडद्यावर झाली, आणि त्या भेटीत मी तोंड लपवून बसलो होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन मी मलकापुरात घरी होतो. माझी पत्नी सुलोचना न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आमची मुलगी मंजूषा पुण्याहून आली, आठ दिवस राहिली आणि निघताना स्पष्ट म्हणाली, "बाबा, तुम्हाला साधा चहा करता येत नाही. आईला मी घेऊन जाते." सुलोचनाला जायचं नव्हतं. आपली गल्ली, आपल्या मैत्रिणी सोडून पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर पडून राहायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. शेवटी मंजूषानं मला पंधरा दिवसांची मुदत दिली आणि मोबाइलवर एक लिंक पाठवली. पुरुषांसाठी मोफत ऑनलाइन वर्ग, नाव 'घरगडी'.

नावानंच माझं डोकं फिरलं. तरी बुधवारी सकाळी अकराला, कॅमेरा बंद ठेवून, मी वर्गात शिरलो. पडद्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ कांदा चिरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पावणं, अंधारात का बसलाय? उजेडात या की!" मी कॅमेरा सुरू केला. "आता उठा. बायकोला न विचारता मिठाचा डबा घिऊन या." मी स्वयंपाकघर पालथं घालून एक डबा आणला. "चाखून बघा," सर म्हणाले. चाखला तर पापडखार! माझं तोंड बघून सगळा वर्ग हसला. पण पलीकडे खाटेवर सुलोचनाही हसली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. त्या हसण्यासाठी मी पुढच्या वर्गाला बसलो.

श्री. शंकरराव तोडकर सर हे शिवाजी पेठेतल्या एका शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. पेठेतल्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून शिट्टी वाजवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. घरी चूल कुठे पेटते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नींच्या, शेवटच्या आजारपणात सर सगळं शिकले. "ती अंथरुणावरून सांगायची, मी करायचो. चाळीस वर्षांचा संसार मला सहा महिन्यांत कळला," असं ते सांगतात. ताई गेल्यावर पुतणीकडून मोबाइल शिकून त्यांनी हा वर्ग सुरू केला. बुधवारी घरकाम: भाताला पाणी किती, आजाऱ्याची चादर त्याला न उठवता कशी बदलावी, औषधाची चिठ्ठी कशी वाचावी. रविवारी चर्चा: घराच्या दारावर कोणाचं नाव असावं, सुनेनं नोकरी करावी का, इथपासून काहीही. एकाच वेळी सगळे बोलू लागले की सर अजूनही शिट्टी वाजवतात.

एका रविवारी गडहिंग्लजचे धान्य व्यापारी शिवाप्पा बोलले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांची थोरली बहीण, घरात सगळे तिला अक्का म्हणतात, विधवा. "सर, अक्कानं मांडवात पुढं बसायचं का मागं? भावकीत दोन मतं हायत."

"अक्कांचं मत काय हाय?" सरांनी विचारलं.

शिवाप्पा म्हणाले, "ते न्हाय विचारलं."

"मग जावा की. आम्ही थांबतो."

शिवाप्पा मोबाइल हातात घेऊनच आत गेले. पडद्यावर आधी जमीन दिसली, मग पायऱ्या, मग शेंगा फोडत बसलेल्या अक्का. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "ह्या पोराला मी न्हाऊ-माखू घातलंय. मी नवरदेवाच्या शेजारी उभी ऱ्हाणार. कुणाला काय म्हणायचंय?" लग्नात मी स्वतः हजर होतो. अक्का पुढे उभ्या होत्या आणि अक्षता टाकताना त्यांचाच हात सगळ्यांत उंच होता.

सरांचा माझ्यावरचा उपकार मात्र पडद्याबाहेरचा आहे. मुदतीच्या दहाव्या दिवशी माझा धीर सुटला. सुलोचनाचे केस विंचरताना मी असा गुंता केला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तोंड फिरवलं. मी सरांना फोन करून म्हणालो, "जमत नाही. तिला पाठवून देतो." दुसऱ्या दिवशी दुपारी बहात्तर वर्षांचे सर एस.टी.नं मलकापुरात उतरले. घरात आले ते थेट सुलोचनाजवळ गेले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, ह्यांचं काय चुकतंय?"

सुलोचना बराच वेळ बोलत होती. आंघोळीचं पाणी फार कढत असतं. हात देताना हे घाई करतात. केस खालून वर सोडवायचे असतात. आणि दिवसभर हे काम करतात, पण जवळ बसत नाहीत. मी दाराला टेकून ऐकत होतो. सर जेवून, भांडी घासून, संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मी सुलोचनाजवळ बसलो आणि शेवटची गाठ सुटेपर्यंत खालून वर केस सोडवले.

सोळाव्या दिवशी मंजूषा गाडी घेऊन दारात आली. तिनं आईच्या वेणीकडे पाहिलं, मी केलेली आमटी चाखली. सुलोचना म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते गं. आता कुठं हे सुधारायला लागल्यात!" गाडी रिकामीच परत गेली.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त वर्गानं ठरवलेल्या सत्काराला त्यांनी एकाच अटीवर होकार दिला: शाल-नारळ नको, वर्गातल्या पुरुषांनी स्वयंपाक करावा आणि पहिल्या पंगतीला बायकांनी बसावं. त्यामुळे त्या दिवशी शिवाप्पांच्या पुऱ्या आणि माझा मसालेभात पंगतीत असेल. अक्का आणि सुलोचना पहिल्या पंगतीत बसतील, आणि त्यांच्या मधोमध, आम्ही सगळ्यांनी आग्रहानं बसवलेले, सर असतील.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, त्यांच्या हातांतलं बळ आणि आवाजातली जरब अशीच टिको, ही आम्हा सर्व घरगड्यांची मनापासून प्रार्थना. आणि सर, एक विनंती. त्या दिवशी जेवण झालं की ताट उचलायला उठू नका. आम्ही आहोत.