भट्टीला उपाशी मारणारी ताजबी

जळगावात रेल्वेच्या रुळांपलीकडे, नाल्याच्या कडेने जी गल्ली जाते, तिथं ताजबीचं बॅटरीचं दुकान आहे. दुकान कसलं, घराला जोडलेली पत्र्याची एक खोली, दारात चार्जिंगचं जुनं यंत्र आणि त्याहून जुनं स्टूल. पाटीवर अजून ‘हाशम बॅटरी सर्व्हिस’ असंच लिहिलंय. हाशम, म्हणजे तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली. पाटी बदलायची का, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, “नाव त्यांचं राहू दे. आवाज तर माझाच आहे.” आणि तो आवाज रूळ ओलांडून स्टेशनापर्यंत जातो, हे गल्लीतलं कुणीही शपथेवर सांगेल.

वय बावन्न. पदराला ॲसिडने पाडलेली भोकं. माहेर अमळनेरकडच्या खेड्यातलं, त्यामुळे रिक्षावाल्यांशी ती अहिराणीत भांडते आणि साहेबलोकांशी साध्या मराठीत. भांडणात मात्र दोघांना सारखाच मान.

पहिली ई-रिक्षा तिच्या दारावरून गेली, तेव्हा ताजबीनं मनापासून दुवा दिली होती. पूर्वीच्या रिक्षा पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून धावायच्या. चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे आणि रात्रभर खोकला. आता स्टँडवर चाळीस ई-रिक्षा झाल्या आणि चौक श्वास घ्यायला लागला. हे खरं आहे आणि ते तिनं कधी नाकारलं नाही. वीज कोळशाची असते, हे तिला माहीत होतं, पण निदान कोळशाचा धूर लेकरांच्या नाकाखाली तरी नव्हता.

घोळ पुढं होता. एका रिक्षाला चार बॅटऱ्या, आणि प्रत्येकीत शिसं आणि ॲसिड. नीट सांभाळल्या तर दीड वर्ष चालाव्यात, पण आमच्या पठ्ठ्यांच्या हाती आठ महिन्यांत माना टाकायच्या. मेलेल्या बॅटऱ्या जायच्या गल्लीच्या टोकाला, नवलच्या भट्टीवर. नवल त्या कुऱ्हाडीनं फोडायचा, ॲसिड नाल्यात ओतायचा आणि शिशाच्या प्लेटी कढईत वितळवायचा. त्या भट्टीचा धूर पांढरट आणि गोडसर वासाचा. तो अंगणवाडीवरून जायचा, आणि त्या अंगणवाडीत ताजबीची चार वर्षांची नात सादिया बसायची.

ही भट्टी नवल आणि हाशम यांनी मिळूनच घातली होती. शेवटची दोन वर्षं हाशमला स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. मनगटंच उचलली जायची नाहीत. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात शिसं आहे. हाशम गेला तेव्हा नवलनं लाजेकाजेनं भट्टी विझवली. पण ई-रिक्षा आल्या, मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग लागला आणि नवलची लाज त्या ढिगाखाली गेली.

भट्टी पुन्हा पेटली त्या दिवशी सकाळीच ताजबी तिथं जाऊन उभी राहिली.

“नवलभाऊ, हाई भट्टी बंद कर. मनी नात तठे बसस.”

“मी बंद करी तरी दुसरा कोनी पेटाडी, भाभी,” नवल म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण भट्टीपुढं बसून बसून घट्ट झाला होता.

गल्लीतल्या कुणीतरी पूर्वी एकदा तक्रार केली होती. भट्टी आठ दिवस बंद राहिली आणि नवव्या दिवशी सुरू झाली. तेव्हा ताजबीनं तक्रारीचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, “मंग ऐकी ले. तुनी भट्टीले मी उपाशी मारसू. एक बॅटरी येऊ देवाव नही.”

नवल हसला. “बॅटऱ्या ते मरतसच, भाभी. मरनारले कोन रोकस?”

रोखायचं कसं, हे ताजबीलाही ठाऊक नव्हतं. पण बोलून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षा स्टँडवर जाऊ लागली. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. स्वप्नील नावाचा एक पंचविशीतला रिक्षावाला होता, अंगापेक्षा बोंगा मोठा. त्यानं सीट उचलून बॅटऱ्या दाखवल्या आणि ताजबीनं कपाळाला हात लावला. चारही बॅटऱ्यांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं! पाणी टपटपतंय, तारांच्या टोकांवर हिरवी बुरशी चढलीय.

“अक्का, गरमी कितली शे! माठले गुंडाळतस ना, तसंच गुंडाळं. थंडी ऱ्हास.” वर ऐट अशी, की जणू शोध लावलाय.

“आरे येडा, माठमा पानी ऱ्हास, इन्हामा ॲसिड शे! गोनपाट टाकीसनी तू तिन्हा जीव ली राहिना.”

आणि आत काय ओतायचे? बोअरचं पाणी. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की नवा स्टीलचा पेला महिन्याभरात पांढरा होतो. बॅटरीला डिस्टिल्ड पाणी लागतं. पण कॅन आणायला दुकानात जायचा सगळ्यांना कंटाळा. “बोअरनं पानी आपन पेतस, मंग बॅटरीले काबर चालत नही?” हा स्वप्नीलचा सवाल. यावर सगळा स्टँड माना डोलवायचा. पंधरा दिवस ताजबी घसा फोडून सांगत होती आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिनं बोलणं थांबवलं आणि एका दुपारी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघत बसली. झाकणाला थेंब लगडले होते. वाफेचं पाणीच बॅटरीला चालतं, हे हाशम सांगायचा. आणि वाफ करायला इथं सरपण कशाला, डोक्यावर खानदेशाचं ऊन आहे की! सराफ बाजारातल्या एका दुकानाची जुनी काच तिनं मागून आणली. पत्र्याचं उथळ ताट काळं रंगवलं, त्यात बोअरचं पाणी भरलं, वर काच उतरती बसवली आणि खाली थेंब धरायला पन्हळ लावून बाटली ठेवली. छपरावरच्या त्या खोक्यातून संध्याकाळपर्यंत दोन-अडीच लिटर स्वच्छ पाणी मिळालं. आठवड्यात तशी चार खोकी झाली.

रविवारी सकाळी तिनं रिक्षावाल्यांना दुकानापुढं बोलावलं. पाणी दाखवलंच नाही. आठ दिवस वापरलेलं काळं ताट खाली आणलं. ते काळं राहिलंच नव्हतं, आत पांढरी खपली धरली होती. ताजबीनं ती सुरीनं खरवडली आणि चिमूटभर स्वप्नीलच्या तळहातावर ठेवली.

“चाट.”

स्वप्नीलनं चाटलं आणि थू थू करत तोंड वाकडं केलं. सगळे हसले.

“हाईच तुनी बॅटरीना पोटमा जास. रोज. आते बोल, बोअरनं पानी चालस का?”

स्वप्नीलनं तळहात पँटला पुसला आणि आपल्या रिक्षाची सीट उचलून गोणपाट ओढून काढलं. तेही उलट सवाल न करता; आयुष्यात पहिल्यांदा असावं.

मग तिनं कायदे सांगितले. पाणी फुकट, पण दर रविवारी बॅटऱ्या तपासायला आणायच्या. गोणपाट बंद. रिक्षा तापून आली की लगेच चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत निवू द्यायची. आणि बॅटरी मेलीच, तर ती नवलकडे न जाता ताजबीच्या दारात आली पाहिजे. शेवटच्या कायद्यावर कुरकुर झाली, पण तिच्या आवाजापुढं ती टिकली नाही.

त्याच पावसाळ्यात एका डॉक्टरांची पांढरीशुभ्र इलेक्ट्रिक मोटार रुळांपलीकडे बंद पडली. लाखांची गाडी, पोटात खोलीभर बॅटरी, पण रिमोटनं दार उघडेना. ताजबी पिशवी घेऊन गेली, किल्लीनं दार उघडायला लावलं, बॉनेट उचललं आणि कोपऱ्यातली एक लहानशी बॅटरी दाखवली. तीच जुनी, शिशाची. मोठी बॅटरी जागी व्हायलाही ती धाकटी लागते.

“कमाल आहे,” डॉक्टर म्हणाले. “तरी माझी गाडी धूर सोडत नाही हं, मावशी. मिसेसची हायब्रिड आहे, अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर.”

“म्हणजे दोन बायका, फजिती ऐका!” ताजबी म्हणाली. मग पिशवीतली नवी बसवली आणि काढलेली मेलेली बॅटरी त्यांच्यापुढं धरली. “धूर सोडत नाही, ते चांगलंच आहे. पण ही आता कुठं जाणार, ते सांगा.”

डॉक्टरांना माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताजबीनं त्यांना तिथंच उभं करून फोनवर शोधायला लावलं. जुन्या बॅटऱ्या घेणारा एक परवान्याचा कारखाना निघाला. पण त्यांचा ट्रक यायचा तो भरण्याइतका माल असला तरच.

म्हणून मेलेल्या बॅटऱ्या ताजबीच्या घराच्या पुढच्या खोलीत जमू लागल्या. न फोडलेल्या, उभ्या, तोंडं बंद केलेल्या. सून चिडली, तर ताजबीनं सादियाला आणि सुनेला मागच्या खोलीत हलवलं आणि मधल्या दाराला कुलूप घातलं. तिकडं रिक्षांच्या बॅटऱ्या बारा महिने चालल्या, मग पंधरा. मग दुसऱ्या स्टँडवरचे रिक्षावालेही रविवारी पाण्याला येऊ लागले. नवलची भट्टी रोजची आठवड्यावर आली आणि एका हिवाळ्यात थंड पडली. नवल प्लॅस्टिकचं भंगार घेऊ लागला.

अखेर ट्रकभर माल जमला आणि कारखान्याचा ट्रक आला, तो सकाळी. स्वप्नील आणि चार-पाच जण बॅटऱ्या चढवत होते. नवल येऊन कडेला उभा राहिला. शेवटची बॅटरी चढली तेव्हा तो म्हणाला, “भाभी, तू जिकनी. पन एक सांग, हाऊ ट्रक जास तठे काय शे? तठे बी भट्टीच शे ना?”

टोचायलाच बोलला होता, पण खोटं बोलला नव्हता. दीड वर्ष ताजबीनं या गल्लीचाच विचार केला होता. त्या कारखान्याच्या पलीकडेही एखादी गल्ली असेल, अंगणवाडी असेल, तिथं कुणाची तरी नात बसत असेल. परवाना आहे म्हणतात. पण परवाना तिनं पाहिला नव्हता आणि धूरही नाही. आपल्या दारातली राख शेजारच्या दारात लोटली, तर झाडलं कसं म्हणायचं?

ती आत गेली. फडक्यात दोन भाकरी बांधल्या, सुनेला काहीतरी सांगितलं आणि पदर खोचून सरळ ट्रकच्या केबिनमध्ये चढली.

ड्रायव्हर बघतच राहिला. “मावशी, कुठं? तिथं बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत सोडत नाहीत.”

“नका सोडू,” ताजबीनं दार ओढून घेतलं. “मी फाटकाबाहेर बसेन. धूर कुठं जातो, ते बाहेरूनच दिसतं.”