आजी सोसायटीच्या मीटिंगला गेली तेव्हा

माझी आजी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होती. निवृत्त झाली, पण सवयी काही सुटल्या नाहीत. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं बीपी बघायचं असो की जखमेची पट्टी बदलायची असो, लोक आधी आमची बेल वाजवायचे. दार उघडता उघडताच ती म्हणायची, "चपला बाहेर. हात धुऊन ये."

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे धुणीभांडी करायला एक ताई यायची. पंचविशीची असेल. बिल्डिंगमधल्या आणखी तीन घरी तिची कामं होती. ती बरेच दिवस खोकत होती. आजीने एके दिवशी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि विचारलं, "संध्याकाळी अंग तापतं? ब्लाऊज सैल झालाय की नाही?" ताई रडायलाच लागली.

आजी तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला. गोळ्या चालू झाल्या. सुरुवातीचे आठवडे ताई घरीच राहिली. मग पुन्हा थुंकी तपासली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, कामावर जाऊ दे. फक्त गोळ्या सहा महिने चुकवायच्या नाहीत.

पण तोपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती. तिन्ही घरांनी तिला काढलं. लिफ्टजवळ कागद लागला : घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा. ताईने सासरी तर टीबीचं काहीच सांगितलं नव्हतं; साधा ताप म्हणून घरी राहिली होती आणि गोळ्या लपवून घेत होती. गोळ्या घरात सापडल्या तर सासू बाहेर काढेल, अशी तिला भीती.

"मग गोळ्या माझ्याकडे ठेव," आजी म्हणाली. "रोज सकाळी ये, माझ्यासमोर घे. भियाव नको गो, मी आसंय." माया आली किंवा संताप आला की आजी मालवणीत शिरायची.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला आजी काठी टेकत खाली जायची आणि ताईला लिफ्टमधूनच वर आणायची. कुणी लिफ्टबाहेर थांबलं तर म्हणायची, "या ना आत, भरपूर जागा आहे." कुणी येत नसे.

आठवड्याभरात सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बाबा आजीला म्हणाले, "आई, तू नको येऊस. मी बोलतो." आजी इस्त्रीची साडी नेसून सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. मी तिच्या शेजारी.

सेक्रेटरी सौम्यपणे म्हणाले, "आजी, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत."

आजी उभी राहिली. "तुझ्या मुलाला न्यूमोनिया झाला तेव्हा इंजेक्शनं कुणी दिली रे?"

"तुम्हीच, आजी."

"मग ऐक. मलाही टीबी झाला होता. वॉर्डातूनच लागला. दीड वर्ष औषधं घेतली. सासरी माझं ताट वेगळं, कप वेगळा. बरी झाल्यावरसुद्धा वेगळाच. माझं तीन वर्षांचं पोर माझ्यापासून तोडून गावी नेऊन ठेवलं. बरी होऊन मी पुन्हा त्याच वॉर्डात कामाला लागले. त्याच हातांनी तुमची पोरं सांभाळली. कुणाला काय झालं? सांगा."

मी बाबांकडे बघितलं. ते तीन वर्षांचं पोर म्हणजे बाबा. आईने नोकरीपायी आपल्याला गावी टाकलं, असंच ते आयुष्यभर समजत आले होते. भांडणात तिला तसं बोलूनही दाखवायचे. ते उठले, लिफ्टजवळ गेले आणि त्यांनी तो कागद फाडला. वर आल्यावर म्हणाले, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या आजीआजोबांवरचं तुझं प्रेम कशाला मोडू?" एवढंच ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

त्यानंतर सगळे सुधारले असं काही झालं नाही. दोन घरांनी आजीशी बोलणं टाकलं, हळदीकुंकवाला बोलावणं थांबवलं. "बरं झालं, चिवडा फार तिखट करतात," असं आजी म्हणाली खरी, पण त्या संक्रांतीला ती दिवसभर गप्प होती. ताईने सहा महिने एकही दिवस चुकवला नाही. शेवटच्या तपासणीत ती पूर्ण बरी निघाली. पुढे तिला शेजारच्या बिल्डिंगमध्ये कामं मिळाली. काढून टाकलेल्या तीन घरांपैकी एकाने तिला पुन्हा बोलावलं. ती गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.' खाली हात जोडलेले इमोजी. मी खाली लिहिलं, 'माझी आजी शांत नव्हती. ती भांडायची, आणि तुमच्याशीच भांडली होती.'

बाबा म्हणाले, "काढ ते."

मग त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "राहू दे."