डावीकडून अकरा जणी

दुपारी बारा ते चार आमचं वाचनालय बंद असतं, आणि त्यातला तासभर मी टेबलावर डोकं ठेवून झोपते. खोटं कशाला बोलू! एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे, एवढा हक्क आहे मला. आज डोक्याखाली विसाव्या शतकाचा सचित्र इतिहास आहे. ग्रंथ जाडजूड, उशी म्हणून टणकच. शेवटच्या पानावर चिकटवलेला वाचकांच्या अभिप्रायांचा कागद गालाला लागतोय. तो मला पाठ आहे. 'चित्रे सुंदर, पण वजन फार.' 'युद्धे कमी करून क्रिकेट वाढवावे.' 'माणूस चंद्रावर पोचला, आमच्या वाडीत एसटी कधी?' 'पान १४० मी फाडलेले नाही.'

डोळा लागतोय न लागतोय तोच समोरच्या बाकावर केरबा शिंगाडे बसलेले दिसतात. एसटीचे रिटायर कंडक्टर. मार्गशीर्षात वारले. मी स्वतः दहाव्याला जाऊन आले होते.

"बाई, शतक देता का? वाचायचं ऱ्हायलंय."

मला भीती नाही, लाज वाटते. या ग्रंथात बहात्तरच्या दुष्काळाचा एक फोटो आहे, खडी फोडणाऱ्या अकरा बायकांचा. खाली छापलंय, 'दुष्काळी कामावरील मजूर स्त्रिया.' बस्स. चंद्रावर गेलेल्यांची पूर्ण नावं, यांचं एकही नाही. शिंगाडेमामांनी गेल्या वर्षी प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं मला सापडलं. आणि मी काय करावं? "अभिप्राय मागच्या कागदावर लिहायचा, चित्रावर नाही," असं त्यांना चारचौघांत सुनावलं आणि नियमाप्रमाणे सगळं खोडून टाकलं. न वाचता! "बरं बाई," म्हणाले आणि गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. ती त्या बायकांची नावं असणार, हे ते वारल्यावर उमगलं. मी त्यांच्या वाडीत ग्रंथ घेऊन गेले, तर फोटोतले चेहरे कुणालाच ओळखता येईनात. ओळखणारा तेवढा एकच उरला होता.

"मामा, चुकले हो मी. नावं सांगा, आत्ता लिहून घेते."

"मी कशापायी? त्यास्नीच इचारा की."

कपाटांच्या मधून ऊन येतंय. कपाटं कुठायत? दोन्ही अंगांना खडीचे ढीग आहेत, फरशीचे पायाला चटके बसतायत, आणि ढिगापासून रस्त्यापर्यंत बायकांची रांग लागलीय. फोटोत काळ्या-करड्या होत्या. इथं लुगडी हिरवी, अंजिरी, एक विटकं जांभळं. अगं बाई, केवढ्या तरण्या आहेत या! माझ्या लेकीच्या वयाच्या.

"धर," पहिली म्हणते आणि भरलेलं घमेलं माझ्या हातात देते. "अनसा."

मी ते रस्त्यावर ओतते. लगेच दुसरं येतं. "हौसा." मग "गजरा." घमेल्यामागून घमेलं, आणि प्रत्येकाबरोबर एक नाव. हात भरून येतात.

"शिकल्याली दिसतीया," कुणीतरी म्हणतं, "कसं धरलंय बघा घमेलं!" सगळ्या खळखळून हसतात. ज्यांची नावं मी खोडरबरानं पुसून टाकली, त्या माझी थट्टा करतायत, आणि मला रडू येतंय.

दहा झाल्या. अकरावी पदरानं तोंड पुसत उभी आहे. जिवणी थेट मामांची.

"ही माझी आय," मामा म्हणतात. "हिच्यावर नाव न्हवतं लिवलं. नुसतं 'आय' लिवलं. आयचं नाव कसं घ्यावं वो?"

"तुमचं नाव काय?" मी विचारते.

ती आधी लेकाकडं बघते, मग माझ्याकडं. "सगुणा," म्हणते, आणि लाजते.

"मामा, ग्रंथ कसा वाटला, ते राहिलंच."

"शतक झ्याक हाय, बाई. मानसं भरायची ऱ्हायलीत."

मी दचकून उठते. चारला पाच कमी. दोन्ही तळहातांवर टपोरे फोड आलेत. बघत बसायला वेळ नाही. फोटोचं पान काढते आणि शाईचं पेन घेते. फोड ठसठसतात. डावीकडून लिहीत सुटते, अनसा, हौसा, गजरा, विसरायच्या आत. अकरावीच्या डोक्यावर 'सगुणा, केरबाची आय' लिहीत असतानाच पेपर वाचायला येणारे निकमसर दार ढकलून आत येतात.

"अहो बाई, तुम्ही? पुस्तकात लिहिताय?"

"हो," मी म्हणते. "हात लावू नका, शाई वाळायचीय."