खालाचा उजवा हात

खाला आधी हात पाही, मग तोंड. समोरच्या बाईचा पंजा ती आपल्या डाव्या हातात घेई, उजव्या हाताच्या तीन बोटांनी अंगठ्याखालचा मांसल भाग एकदा चेपे आणि बांगडीच्या मापाचा निकाल देऊन मोकळी होई.

"सव्वादोन नाही जमत, बाई. अडीच लागते."

"मागच्या खेपेला सव्वादोनच भरल्या होत्या, खाला."

"मागच्या खेपेला तू पोरगी होती. आता खानदानी झाली."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी चुडीवाली येत असेल, तर तिच्या बोटांकडे एकदा लक्ष देऊन पाहा. डावा हात गिऱ्हाइकाची बोटे एकत्र आवळून पंजा लहान करतो आणि उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधले बोट काचेच्या बांगडीला हाडांवरून अलगद पलीकडे नेतात. जोर किंचित जास्त झाला तर काच फुटते, कमी पडला तर बांगडी अडून बसते. सर्वांत जास्त दुखण्याचा क्षण आला की खाला हमखास विचारी, "सासू काय म्हणते?" बाई सासूविषयी बोलू लागे आणि बांगडी मनगटावर उतरलेली असे.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या आमच्या गल्लीत, ती एकटी राहत असे. नवरा वारलेला, एकुलती मुलगी चांदूर बाजारला दिलेली. सकाळी पेटी डोक्यावर घेऊन ती एसटीने खेड्यांतल्या बाजारांना जाई. निघण्यापूर्वी आमच्या ओट्यावर टेकून मला विचारी, "आज पेपरात कोणतं गाव हाय?" त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या गावांची नावे जवळजवळ रोज छापून येत. कुणाच्या शेतात, कोणत्या विहिरीवर, कोणत्या औषधाने, हे सारे त्याच चार ओळींत असे. खालाला मराठी वाचता येत नव्हते. मी गावाचे नाव सांगितले की ती क्षणभर पदर तोंडावर धरी. "तिथं आता लय दिवस पेटी नाही न्यायची. चुडीचा आवाज नको त्याईच्या कानावर." मग दुसऱ्या गावाची एसटी पकडे.

मी अमरावतीच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा-तंत्रज्ञान शिकत होते. वर्गात पहिली येणे हे मी माझे स्वाभाविक स्थान मानत असे आणि माझी भाषाही घाईघाईने पुस्तकी करून घेतली होती. एकाच गोष्टीत मी मागे होते. कोपराच्या आतल्या बाजूची, खोलवर असलेली शीर मला सापडत नसे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. महाविद्यालयाबाहेर कुणावरही सराव केल्यास परीक्षेला बसू देणार नाही, असे आमच्या बाईंनी बजावले होते. मी सुट्टीत घरी येताना सुया, नळ्या आणि रबरी पट्टा पिशवीत घालून आणला.

पहिला प्रयोग आईवर करायचा होता. पट्टा आवळताच आई भिंतीला टेकून घसरली. खाला दारातच होती. ती आधी पोट धरून हसली, मग आईला पाणी दिले आणि माझ्यासमोर बसून दोन्ही बाह्या वर केल्या.

"घे. माह्या हातात काय कमी हाय?"

तिच्या डाव्या हाताची शीर दोरीसारखी ठळक होती. पहिल्याच टोचणीत रक्त आले. खालाने गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "मुंगी चावली तेवढंही नाही! लय हलका हात हाय पोरीचा." तिथे थांबायला हरकत नव्हती. पण सोप्या शिरेने मला काहीच सिद्ध करता येत नव्हते. मी म्हणाले, "आता उजवा द्या. आणि अजिबात हलायचं नाही."

उजव्या हाताची शीर दिसत नव्हती. मी अंदाजाने आतल्या बाजूला सुई घातली, थोडी खोल नेली, दिशा बदलली, पुन्हा खोल नेली. नळीत रक्त आले. मला झालेला आनंद मला अजून आठवतो. खाला हलली नाही, बोलली नाही. कापूस दाबून धरत ती एवढेच म्हणाली, "झालं नं तुह्यं काम?"

पुढच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा ती चहाचा कप डाव्या हाताने धरत होती. कोपरापासून तीन बोटांपर्यंत जळजळ होते, रात्री मुंग्या येतात, असे आईने सांगितले. खालाने तो विषय टाळला. पण ओट्यावर शेजारणीला बांगड्या भरताना तिने एकामागून एक काच फोडली. ती काचेच्या कारखानदाराला शिव्या देत होती आणि शेजारीण हसत होती. मी उठून आत गेले. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही तीन बोटे ज्या मज्जातंतूच्या ताब्यात असतात, तो कोपराच्या आतल्या बाजूने, मी सुई फिरवली त्याच जागेजवळून जातो. हे मला त्या सत्रात पूर्ण गुणांसह येत होते.

आईच्या आग्रहाने मी तिला अकोल्यातल्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी काम काय करता, असे विचारताच खालाने माझ्याकडे न पाहता गोष्ट रचली. "हात दाबू-दाबू जिंदगी गेली, साहेब. आन् वरून पेटीचं वजन. थकला असंल बिचारा." डॉक्टरांना ते पटले. वर्षानुवर्षे पंजे आवळणाऱ्या बाईचे मनगट झिजावे, यात न पटण्यासारखे काही नव्हते. त्यांनी मनगटाला पट्टा दिला, गोळ्या दिल्या.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. परीक्षा तोंडावर होती. बहुतेक रुग्णांत असा त्रास काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, हेही मला ठाऊक होते. ते विधान खरे आहे. मी त्याचा उपयोग तोंड बंद ठेवण्यासाठी केला.

परीक्षेत मी पहिली आले. खालाने गल्लीत साखर वाटली, डाव्या हाताने.

त्यानंतर ती बाजारांना जाईनाशी झाली. दारात पेटी उघडून बसे. बायकांनी स्वतःच बांगड्या निवडाव्यात आणि घरी जाऊन साबण लावून घालाव्यात. "आता जमाना तसाच हाय, आपल्या हातानं," असे ती म्हणे. पण एखादी नवी नवरी हात पुढे करी, तेव्हा खालाचा उजवा हात सवयीने उचलला जाई आणि अर्ध्या वाटेवरून परत मांडीवर येई. हे मी माझ्या खिडकीतून पाहिले आहे.

शेवटी मी तिला अमरावतीला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तिने तोंड उघडण्यापूर्वीच सुईची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारले, "सुई आत असताना करंट बसल्यासारखं झालं होतं का?"

"झालं नं. बोटाच्या टोकापर्यंत गेला."

"मग ओरडला का नाहीत?"

खाला ओशाळली. जणू चूक तिची होती. "पोरगी म्हणे हलू नका. किती मन लावून करून राहिली होती. मी बोंबलली असती तं घाबरली असती नं. पुन्हा सुई धरली नसती तिनं."

ती ओरडली नाही, हे खरे. पण तिचा अंगठा उडाला होता आणि तो मी पाहिला होता. रुग्णाला करंट बसल्याचे चिन्ह दिसले की सुई त्याच क्षणी बाहेर काढायची, हे महाविद्यालयातल्या बाईंचे वाक्य मला पाठ होते. नळी अर्धी भरली होती. मी ती पूर्ण भरू दिली.

तपासणीत दोष कोपरापाशी निघाला. मी डॉक्टरांना विचारले, "हे तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तर मनगटाला पट्टा बांधला नसता," ते म्हणाले. "हात सुधारला असता की नाही, ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

शास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून कठीण उत्तर नसते. तोच हात, तोच काळ पुन्हा घेऊन ताडून पाहण्याची सोय नाही.

बसस्टँडवर खाला माझ्यावर भडकली. "काहून सांगतलं? एवढी पक्की गोष्ट बनवली होती म्या. मोठ्या डॉक्टरसमोर मले झूठी पाडली!"

"खाला, खरं सांगायला हवं होतं."

"मंग तवाच सांगायचं होतं." ती एवढेच बोलली आणि लगेच मऊ झाली. "हे पाह्य बेटा, माह्या पोरीले म्या पेटीचंच सांगतलं हाय. तू मधात पडू नको."

मी मधे पडले नाही. तिची आज्ञा पाळते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पुढे मुलगी तिला चांदूर बाजारला घेऊन गेली. मी अमरावतीत नोकरीला लागले, बढती मिळाली, एका प्रयोगशाळेचा विभाग माझ्याकडे आला. चांदूर बाजार तिथून फार लांब नाही. मी जायचे ठरवत राहिले. खाला छातीच्या आजाराने गेली, हे मला आईकडून बऱ्याच उशिरा कळले.

आणि गेल्या हिवाळ्यात तिची मुलगी माझ्या प्रयोगशाळेत आली. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. माझे नाव विचारत ती थेट माझ्यापाशी पोचली. तेच रुंद कपाळ, तोच ठसका.

"अम्मी सांगून गेली, खून द्यायचं काम पडलं तं त्या पोरीकडंच जाजो. तिचा हात हलका हाय."

तिने बाही वर केली. मी पट्टा बांधला, शीर चाचपली. मग पट्टा सोडला आणि तिला सगळे सांगितले. दुसरा हात मागितला ते. उडालेला अंगठा. अकोल्याच्या डॉक्टरांसमोर मी गप्प बसले ते.



"अम्मी तं म्हणे, पेटीच्या वजनानं झालं."

"ते तिने माझ्यासाठी रचलं होतं."

"मरेपर्यंत?"

"हो."

तिने बाही खाली घेतली, बटण लावले आणि दाराकडे पाहिले. "दुसरं कोणी हाय का इथं?"

मी माझ्या हाताखालच्या मुलीला हाक मारली आणि बाजूला झाले. त्या मुलीने तिला खुर्ची दिली, पट्टा बांधला, सुई घातली. चांगली घातली.

"दुखतंय का, ताई?"

"दुखते," ती मोठ्याने म्हणाली. सुईकडे ती पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती. "दुखते नं. काहून नाही दुखणार?"