कणगीवरचा अंगठा

ज्वारीच्या कामावरून घरी आले की पदरातून कुसळं निघायची आणि डोक्यातून किस्से. कुसळं झटकली, किस्से राहिले. त्यातला एक तर वर्षभर किस्सा नव्हताच. माझ्या शब्दाचा प्रश्न होता. तो शेवटी सांगते.

नांदुऱ्याजवळच्या एका गावात ज्वारीच्या नव्या वाणांची चाचणी होती. बायकांशी बोलायला बाई हवी, म्हणून मॅट्रिक झालेली मी. पिशवीत फॉर्म आणि दुपटी, कडेवर आठ महिन्यांची मुलगी, आणि दिवसभर एकच धास्ती: हिला काही बाधलं तर?

*

पहिलं घर कौसाबाईंचं. "बियाणं कोण निवडतं?" मी विचारलं.

"मीच," ओसरीवरून त्यांचे यजमान नारायणराव म्हणाले.

"कणसं कशी ओळखता?"

ते आत तोंड करून म्हणाले, "अवं, कशी ओळखतो मी?"

*

चाचणी घेणाऱ्या साहेबांनी मला बजावलं होतं, आधी परवानगी, मग प्रश्न. मी कौसाबाईंना म्हटलं, "मनात नसेल तर मध्येच उठून गेलात तरी चालेल."

त्या उठून गेल्या. पहिलीच मुलाखत बुडाली म्हणून मी रडवेली. अर्ध्या तासाने म्हैस पिळून परत आल्या.

"खरंच चालते का, थे पाह्यलं. आता इचार."

*

नवी ज्वारी भरघोस पिकली. साहेब खूश. कौसाबाईंनी नव्या आणि जुन्या ज्वारीच्या भाकरी केल्या आणि झाकून ठेवल्या. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी नवी भाकर पापडासारखी मोडली. जुनी मऊ.

"सायेब, वावरात दुपारी ताजी कोन देते?"

साहेबांनी फॉर्मवर नवा रकाना आखला: शिळी भाकर. तेवढ्यात मुलीच्या तोंडात जुन्या भाकरीचा तुकडा दिसला. मी घाबरून हात घातला, तर कौसाबाईंनी अडवलं.

"तू तुहा फारम भर बाई. पोरगी तिचा भरून राह्यली."

*

आता साहेबांना ती जुनी ज्वारी हवी होती, नव्या वाणाशी संकर करायला. नारायणरावांनी कागदावर अंगठा दिला. कौसाबाई ज्वारीच्या कणगीला पाठ लावून बसल्या.

"बी माह्यं अन् अंगठा याइचा काऊन?"

साहेब ओशाळले. दुसरा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "पुढच्या सुगीला बी परत आणू, तुमच्या नावानिशी."

"नक्की," मीही बोलून गेले. बोलले आणि आठवलं, साहेबांच्या बदल्या होतात.

कौसाबाईंनी अंगठा दिला. मग कणगीच्या ओल्या शेणामातीच्या लिंपणाकडे बोट केलं. "आता तुमचा."

साहेबांनी बाही वर करून अंगठा दाबला.

पुढे साहेबांचा पत्ता नाही. दर भेटीत कौसाबाई एवढंच म्हणायच्या, "सायेब?" शेवटी मी त्यांची गल्ली टाळू लागले.

सुगीत जीप आली. साहेबांच्या हातात पिशवी, वर चिठ्ठी: कौसाबाईंची ज्वारी. माझे डोळे भरून आले.

कौसाबाईंनी पिशवीकडे पाहिलंही नाही. साहेबांचं मनगट धरून त्यांना कणगीपाशी नेलं, वाळलेल्या ठशात त्यांचा अंगठा बसवला आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"हाव, हेच आहेत. बसा, च्या ठेवतो."